विधिमंडळ समितीचा खर्च कोण करतं? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपरात दोन ओळींची बातमी येते, "विधिमंडळाची समिती जिल्हा दौऱ्यावर", आणि नागाळा पार्कातल्या सरकारी कार्यालयांत दिवे उशिरापर्यंत जळायला लागतात. मी जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत नोकरी केली, त्यामुळे अशा दौऱ्यांची कागदपत्रं हातांखालून गेली. निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक, तरुण पत्रकार, ग्रामपंचायतीत निवडून आलेली पोरं एकच विचारतात: या समित्यांचा पैसा येतो कुठून आणि बिल फाटतं कुणाच्या नावावर? वरचेवर येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत.

विधिमंडळाची समिती म्हणजे नक्की कोण? आमच्याकडं तर रोज कुठली ना कुठली समिती बसलेली असते.

बरोबर आहे, घोटाळा इथूनच सुरू होतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती ही विधिमंडळाची समिती नव्हे. ती राज्यघटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदातून आणि राज्याच्या १९९८ च्या कायद्यातून आलेली आहे. महापालिकेची स्थायी समिती, जिल्हा परिषदेच्या विषय समित्या, त्याही वेगळ्या.

विधिमंडळाची समिती म्हणजे विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ सदस्यांमधून नेमलेले आमदार. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती या तिघी पैशाच्या. पंचायत राज समिती जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कारभार बघते. अनुसूचित जाती कल्याण, अनुसूचित जमाती कल्याण, महिला व बालकांचे हक्क, रोजगार हमी, आश्वासन, विनंती अर्ज अशा आणखी बऱ्याच आहेत. कोल्हापुरात लोकांना नावानिशी ठाऊक असते ती पंचायत राज समिती, म्हणजे "पीआरसी". ग्रामसेवकापासून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची झोप उडवणारी तीच.

मग या समित्यांना पैसे कोण देतं?

राज्याच्या एकत्रित निधीतून येतात. म्हणजे तुमच्या-आमच्या करातून, राज्याच्या अर्थसंकल्पातून. वाट अशी: महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय दरवर्षी आपल्या खर्चाचा अंदाज तयार करतं. तो वित्त विभागामार्फत अर्थसंकल्पात जातो. मार्चच्या अधिवेशनात इतर खात्यांसारखीच त्याचीही अनुदानाची मागणी विधानसभेपुढं येते, मंजूर होते आणि मग विनियोजन विधेयक पास झालं की पैसा खर्चायला मोकळा होतो. घटनेतले अनुच्छेद २०२, २०३ आणि २०४ हे याचे तीन टप्पे. मतदान फक्त विधानसभेत होतं. परिषद चर्चा करू शकते, मागणीवर मत देऊ शकत नाही. समितीत मात्र परिषदेचे आमदारही असतात.

लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्च ज्या नाव-क्रमांकाखाली नोंदतात ते, बघायचं असेल तर मुख्य शीर्ष क्रमांक २०११. देशभर सगळ्या विधिमंडळांचा खर्च याच शीर्षाखाली पडतो. त्याच्या पोटात राज्य विधिमंडळासाठी ०२ आणि त्याखाली गौण शीर्षं, म्हणजे पोटविभाग: १०१ विधानसभा, १०२ विधान परिषद, १०३ विधानमंडळ सचिवालय. खाली उतरलात की पगार, प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च, पेट्रोल अशी नेहमीची उद्दिष्टं, म्हणजे खर्चाचे प्रकार.

म्हणजे अंदाज समितीला इतके, पीआरसीला तितके, असं वाटप नसतं?

गौण शीर्षाच्या पातळीवर नसतं, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथं आहे. विधानसभा, परिषद, सचिवालय अशा तीन पोत्यांत पैसा भरलेला असतो. समिती नावाचं पोतं नाही. समितीच्या सदस्यांचा प्रवास आमदारांच्या भत्त्यात मिसळतो, समितीचे कारकून आणि प्रतिवेदक (कामकाजाची शब्दशः नोंद घेणारे) सचिवालयाच्या पगारात, अहवालाची छपाई छपाईच्या खर्चात. अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडून बसलात तरी "गेल्या वर्षी पंचायत राज समितीवर एवढे रुपये गेले" असा एक आकडा बोट ठेवून दाखवता येत नाही.

यात कुणाचा कट वगैरे नाही. लेखाशीर्षांची रचना अशीच आहे. पण परिणाम असा की जी समिती शाळेच्या खडूचा हिशेब मागते, तिचा स्वतःचा हिशेब एका जागी सापडत नाही.

हा खर्च भारित की दत्तमत?

लेखा शाखेतल्या मंडळींचा आवडता प्रश्न. बाकीच्यांसाठी आधी फरक: भारित खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, पण मत घेतलं जात नाही, तो द्यावाच लागतो. दत्तमत खर्चावर मत घ्यावं लागतं.

विधानसभेचे अध्यक्ष-उपाध्यक्ष आणि परिषदेचे सभापती-उपसभापती यांचे पगार-भत्ते अनुच्छेद २०२ नुसार भारित आहेत. समित्यांच्या कामाचा, सचिवालयाच्या कर्मचाऱ्यांचा खर्च मात्र त्या यादीत नाही, तो दत्तमत.

आता आपल्या गावातलंच बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलन केलं हे इथं सांगायला नको. त्या न्यायालयाचा प्रशासकीय खर्च, अगदी शिपायाच्या पगारासकट, अनुच्छेद २२९ नुसार भारित आहे. घटनाकारांनी न्यायालयाला ते कवच दिलं. लोकसेवा आयोगालाही अनुच्छेद ३२२ ने दिलं. विधिमंडळाच्या समित्यांना दिलं नाही, कारण सभागृहच तिजोरीचं मालक असताना त्याच्या समितीला संरक्षण कुणापासून, असा साधा हिशेब असावा. कागदावर तो बरोबर आहे. प्रत्यक्षात मागणी सभागृहापुढं येते ती राज्यपालांच्या शिफारशीनं, म्हणजे सरकार ठरवेल त्या आकड्यानिशी. आमदार आकडा कमी करायची कपात सूचना देऊ शकतो. वाढवायची देऊ शकत नाही.

कोल्हापूरचे रत्नाप्पा कुंभार संविधान सभेचे सदस्य होते. हे अनुच्छेद ज्या सभेत घडले तिथं आपल्या मातीतला माणूस बसला होता, एवढं इथल्या पोरांना माहीत असावं म्हणून सांगितलं.

समितीच्या बैठकीला गेल्याचे आमदारांना वेगळे पैसे मिळतात का?

पगार वेगळा नाही. दैनिक भत्ता आणि प्रवास भत्ता मिळतो, तो सदस्यांच्या वेतन-भत्त्यांच्या १९५६ च्या कायद्यानुसार. मंत्री पैशाच्या समित्यांवर सदस्य नसतात; आपणच केलेल्या खर्चाची तपासणी आपणच कशी करणार?

समिती कोल्हापुरात आली की नेमकं काय काय होतं आणि त्यातलं बिल कोण भरतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही.

समितीच्या बैठका एरवी विधान भवनात होतात. बाहेर दौऱ्यावर यायचं तर पीठासीन अधिकाऱ्यांची, म्हणजे अध्यक्ष-सभापतींची, परवानगी लागते. परवानगी आली की सचिवालयाचं पत्र जिल्ह्यात येतं, आणि त्यासोबत किंवा त्याआधी प्रश्नावली. इथून खर्चाच्या दोन वाटा फुटतात.

पहिली वाट विधिमंडळाची. आमदारांचा मुंबईपासून इथपर्यंतचा प्रवास, त्यांचा दैनिक भत्ता, सोबत आलेल्या सचिवालयातल्या अधिकाऱ्यांचा आणि प्रतिवेदकांचा टीए-डीए हा सगळा मुख्य शीर्ष २०११ मधून. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आले काय किंवा गाडीनं, बिल मुंबईला.

दुसरी वाट जिल्ह्याची, आणि ही कुणी मोजत नाही. ताराबाई पार्कातलं सर्किट हाऊस सार्वजनिक बांधकाम विभागाचं. तिथली चादर, गिझर, गवत कापणं, रंगाचा हात, सगळं त्या विभागाच्या देखभाल खर्चात. जिल्ह्यात फिरायला गाड्या लागतात. समिती गट पाडून फिरते: एक गट राधानगरी-गगनबावड्याकडं, एक शिरोळ-हातकणंगल्याकडं, एखादा आजरा-चंदगडच्या टोकाला. बारा तालुक्यांचा जिल्हा आहे, चंदगडला जाऊन परत यायचं म्हणजे दिवस जातो. गाड्या जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या कार्यालयांच्या, डिझेल त्या त्या कार्यालयाच्या लॉगबुकात. पोलीस बंदोबस्त पोलिसांच्या खर्चात. संपर्क अधिकारी म्हणून नेमलेल्या माणसाचं रोजचं काम थांबतं. त्याची किंमत तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि मग झेरॉक्स. हसू नका. प्रश्नावलीची उत्तरं तयार होतात, लेखापरीक्षणातल्या आक्षेपाच्या प्रत्येक परिच्छेदाला अनुपालन, म्हणजे काय कारवाई केली त्याचं उत्तर, त्याला जोडपत्रं, त्या जोडपत्रांना पुरवण्या. प्रत्येक सदस्याला एक संच, सचिवालयाला संच, प्रत्येक खातेप्रमुखाला संच. स्पायरल बायंडिंगवाल्याचं दुकान त्या रात्री बंद होत नाही. पहाटे कुणाच्या तरी लक्षात येतं की लघुपाटबंधाऱ्याच्या तक्त्यात एक बेरीज चुकली आहे; मग सगळे संच उसवून ते एक पान बदलायचं. हे बिल कार्यालयीन खर्चात पडतं आणि मार्चअखेरपर्यंत रेंगाळतं, कारण त्या उद्दिष्टातली तरतूद आधीच विजेच्या बिलानं खाल्लेली असते.

जेवणाचं काय? तांबडा-पांढरा कोण खिलवतं?

यजमानपण कोल्हापूरच्या रक्तात आहे, त्यात दुमत नाही. पण पाहुणचार आणि सरकारी खर्च यांत फरक करावा लागतो. सदस्याला दैनिक भत्ता मिळतो तो राहण्याखाण्यासाठीच. तेव्हा नियमाची सरळ वाट अशी की खोलीचं भाडं आणि जेवणाचं बिल ज्यानं त्यानं भरावं आणि बैठकीतला चहा-बिस्किटं यजमान कार्यालयानं आपल्या मंजूर खर्चातून द्यावीत.

प्रत्यक्षात काय होतं? आमच्या वेळी एका दौऱ्याआधी साहेबांच्या केबिनमधून निरोप आला की "व्यवस्था" बघायची आहे. लेखाशीर्ष कुठलं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "लेखाशीर्ष कसलं, सगळ्यांनी मिळून करायचं." मग एक वही फिरली. वहीवर मथळा नव्हता, पावती नव्हती. कुणी किती दिले ते पेन्सिलीनं लिहिलं होतं. शाखेतल्या एका मावशींनी, त्या वर्ग चारच्या, पन्नासाची नोट काढून दिली आणि विचारलं, "कुणाचं लग्न हाय?" त्या वहीतल्या पैशाला सरकारी भाषेत नाव नाही, म्हणून त्याचं लेखापरीक्षण होत नाही.

अशी वर्गणी बेकायदा नाही का?

आहे. कोणत्याही समितीच्या नावानं कर्मचाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून पैसे गोळा करायला कुठल्याही नियमात आधार नाही. ठेकेदाराकडून घेतले तर तो सरळ भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचा विषय होतो.

मे २०२५ मध्ये अंदाज समिती धुळे जिल्ह्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली आणि तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं. ती रक्कम कुणाची, कशासाठी, हा तपासाचा भाग आहे, त्यावर मी मत देणार नाही. पण त्या बातमीनंतर इथल्या चहाच्या टपरीवर ज्या सहजतेनं लोक बोलत होते, कुणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं, ते मला रकमेपेक्षा जास्त बोचलं.

समितीतले सगळे आमदार असा पाहुणचार मागतात असं मुळीच नाही. काही सदस्य स्वतःचं बिल मागून घेतात, मागवलेला हार परत पाठवतात. पण "मोठी माणसं येणार" म्हटल्यावर खालचे अधिकारी न सांगता करतात. भीती असते. उद्या त्याच समितीपुढं साक्षीला उभं राहायचं असतं.

जिल्हा परिषद आपल्या स्वनिधीतून हा खर्च करू शकते का?

जिल्हा परिषदेचा निधी १९६१ च्या अधिनियमात सांगितलेल्या कामांसाठी आहे. बैठकीचा किरकोळ खर्च त्यात बसवता येतो. मेजवानी बसत नाही. बसवलीच तर गंमत होते. जिल्हा परिषदेचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखा विभाग करतो. तो जेवणाच्या प्रमाणकावर, म्हणजे व्हाउचरवर, आक्षेप घेतो. आक्षेप अहवालात जातो. अहवाल विधिमंडळापुढं येतो आणि तिथून पंचायत राज समितीकडं. म्हणजे चार-पाच वर्षांनी नव्या समितीपुढं जुन्या समितीच्या जेवणाचा परिच्छेद, आणि त्याचं अनुपालन लिहायला तोच बिचारा लेखाधिकारी.

आमदार निधीतून समितीचा खर्च भागवता येतो का?

नाही. आमदार स्थानिक विकास निधी हा मतदारसंघातल्या कामांसाठी आहे: रस्ता, सभामंडप, शाळाखोली. दौरा, जेवण, भाडं यांना तो लावता येत नाही.

समितीच्या दिमतीला तज्ज्ञ असतात का? की सगळं आमदारांनीच वाचायचं?

इथं लोकलेखा समितीचं नशीब चांगलं. तिला भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचं कार्यालय मदत करतं. राज्याच्या हिशेबांवरचे कॅगचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार राज्यपालांकडं आणि तिथून सभागृहापुढं येतात. त्यातला कोणता परिच्छेद घ्यायचा, सचिवाला काय विचारायचं, याची तयारी महालेखाकारांची, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाची, माणसं करून देतात. आपला जिल्हा मुंबईच्या महालेखाकार कार्यालयाकडं. या मदतीचे पैसे राज्याला द्यावे लागत नाहीत. कॅगच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद १४८ नुसार भारताच्या एकत्रित निधीवर भारित आहे. म्हणून राज्य सरकार रागावलं तरी हा नळ बंद करू शकत नाही.

बाकीच्या समित्यांकडं असा हात नाही. त्यांच्याकडं सचिवालयातला अवर सचिव, कक्ष अधिकारी, दोन-तीन सहायक. अनुच्छेद १८७ मुळं हे कर्मचारी विधिमंडळाचे स्वतःचे असतात, मंत्रालयाचे नव्हेत, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यांतलं कुणी जलशास्त्र शिकलेलं नसतं, कुणी सार्वजनिक आरोग्य. पंचगंगेच्या प्रदूषणावर प्रश्न विचारायचा तर समिती कुणावर अवलंबून राहणार? ज्या खात्याला विचारायचं त्याच खात्यानं पाठवलेल्या टिपणीवर. मला विचाराल तर सर्किट हाऊसच्या पडद्यांपेक्षा दोन अभ्यासू संशोधकांवर पैसा घातला तर अहवाल दुप्पट धारदार होतील. पण संशोधकासोबत फोटो कोण काढणार?

एखाद्या विधेयकासाठी समिती नेमली तर तिचा खर्च वेगळा मंजूर होतो का?

वेगळी मागणी लागत नाही, त्याच शीर्षातून भागतं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडं गेलं होतं, तिच्याकडं हजारो हरकती आणि सूचना आल्या. त्या उघडणं, वर्गवारी करणं, तक्ते बनवणं हे सचिवालयाच्या नेहमीच्याच कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर पडतं. विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं.

वर्ष संपायच्या आधी पैसे संपले तर समितीचं काम थांबतं?

थांबत नाही. आधी एका उद्दिष्टातून दुसऱ्यात पुनर्विनियोजन करून बघतात. तेवढ्यानं भागलं नाही तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अनुच्छेद २०५ खाली पुरवणी मागणी. खाली जिल्ह्यात मात्र पुरवणी मागणी नसते. तिथं "पुढच्या वर्षी बघू" असतं, आणि झेरॉक्सवाला तोवर फोन करत राहतो.

अमेरिकेत म्हणे प्रत्येक समितीला स्वतःचं बजेट असतं?

असतं. तिथल्या प्रतिनिधीगृहात निवडणुकीनंतर दर दोन वर्षांच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या कार्यकाळाच्या, सुरुवातीला प्रत्येक समितीचा अध्यक्ष आपली मागणी घेऊन हाउस ॲडमिनिस्ट्रेशन समितीपुढं बसतो. किती कर्मचारी, किती प्रवास, किती सल्लागार, सगळं मांडतो. मग सगळ्या समित्यांच्या रकमांचा एक ठराव सभागृह मंजूर करतं, समितीचं नाव आणि समोर आकडा. अपवाद सरकारी खर्चाची विधेयकं हाताळणाऱ्या ॲप्रोप्रिएशन्स समितीचा, तिची तरतूद वेगळ्या वाटेनं होते. आणखी एक बरी प्रथा आहे: समितीच्या पैशातला आणि माणसांतला साधारण एक तृतीयांश वाटा अल्पमतातल्या पक्षाकडं जातो, म्हणजे विरोधकांकडंही स्वतःचे अभ्यासक असतात.

त्यांचं सगळं उचलावं असं नाही. तिथं समितीच्या पैशावरूनही पक्ष भांडतात. पण समितीच्या नावासमोर आकडा, एवढी एक गोष्ट आपल्याकडं आली तर लेखाशीर्षांच्या रचनेत फार उलथापालथ करावी लागणार नाही. गौण शीर्ष १०३ खाली एक उपशीर्ष उघडलं की झालं.

समितीच्या खर्चाचं लेखापरीक्षण होतं का?

विधानमंडळ सचिवालयाच्या खर्चाचं होतं, महालेखाकारच करतात. जिल्ह्यातल्या वाटेचं तुकड्यातुकड्यानं होतं: डिझेल एका कार्यालयात, रंग दुसऱ्यात, झेरॉक्स तिसऱ्यात. हे तुकडे जोडून "या दौऱ्याला एकूण इतके" असं सांगणारा कागद निघत नाही.

मग आम्ही साध्या माणसांनी हा आकडा काढायचा कसा?

माहितीचा अधिकार, २००५. पण नीट मागा, नाहीतर "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर हातात पडेल.

"समितीच्या दौऱ्याचा एकूण खर्च किती" असं विचारू नका. तो कुणीच एकत्र केलेला नसतो आणि माहिती तयार करून द्यायला अधिकारी बांधील नाही. कागद मागा. विधानमंडळ सचिवालयाकडं दौऱ्याच्या तारखा देऊन सदस्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवास व दैनिक भत्त्याच्या देयकांच्या प्रती. जिल्हाधिकारी कार्यालयाकडं राजशिष्टाचार शाखेनं काढलेले आदेश, म्हणजे कुठल्या कार्यालयाची कुठली गाडी कुणाला दिली. ते हातात आलं की त्या त्या कार्यालयाकडं त्या दिवसांच्या लॉगबुकाची पानं. बांधकाम विभागाकडं सर्किट हाऊसच्या नोंदवहीचा उतारा आणि भाड्याच्या पावत्या. जिल्हा परिषदेकडं त्या महिन्यातली कार्यालयीन खर्चाची प्रमाणकं.

प्रत्येक कार्यालयाला वेगळा अर्ज करा. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं, त्यानंतर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं.

"हा विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा विषय आहे" असं सांगून माहिती नाकारली तर?

कायद्याचं कलम ८(१)(ग) विशेषाधिकाराचा भंग होईल अशा माहितीला सूट देतं. समितीपुढं कुणी काय साक्ष दिली, सभागृहात मांडायच्या आधी अहवालात काय लिहिलंय, हे त्यात येऊ शकतं, आणि ते यायलाही हवं. डिझेलची पावती त्यात कशी येते ते अपिलात त्यांना लिहून सांगायला लावा.

आमच्या जिल्ह्यातले दहा आमदार यात काही करू शकतात का?

करू शकतात. त्यांतले जे कुठल्या समितीवर असतील त्यांनी दौऱ्याआधी जिल्ह्याला एक पत्र पाठवावं: हार-तुरे नकोत, बिल आमच्या नावानं फाडा, कर्मचाऱ्यांकडून एक रुपया गोळा करू नका. पत्राची प्रत नोटीस बोर्डावर लावा असंही त्यात लिहावं, म्हणजे वही फिरवणाऱ्याचा हात आखडेल. ज्यांना सभागृहात बोलायचंय त्यांनी सचिवालयाच्या मागणीवर चर्चा होईल तेव्हा समितीवार खर्चाचा तक्ता मागावा. ही मागणी बहुधा चर्चेविनाच, शेवटच्या दिवशीच्या गर्दीत इतर मागण्यांबरोबर मंजूर होऊन जाते, तेव्हा आधी नोटीस देऊन ठेवलेली बरी.